उलटायचं नाही, हलायचंही नाही

बाणावलीच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीला एका बाजूला उलांडी असते: दोन वाकड्या दांड्यांना बांधलेला लाकडी ओंडका. होडी कलली की ओंडका पाण्यात दबतो, पाणी त्याला वर रेटतं आणि होडी सावरते. म्हणजे पाया रुंद केला की उलटायची भीती कमी. भर समुद्रात स्वस्तात तरंगता तळ हवा असेल, तर म्हणूनच आधी रुंद, सपाट तराफा सुचतो. तो उलटत नाही, पण प्रत्येक लाटेबरोबर वर-खाली होत राहतो. पणजीचा काँक्रीटचा तरंगता धक्का मांडवीत छान चालतो. तोच आषाढात मुरगावच्या बाहेर बांधला तर त्यावर धड उभंही राहता येणार नाही.

लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने विरते. खोल पाण्यात दहा सेकंदांची लाट सुमारे 156 मीटर लांब असते. 78 मीटर खाली तिच्या हालचालीचा जेमतेम 4 टक्के भाग उरतो. तेव्हा तरंगवणारा फुगीर भाग खोल न्यायचा, तळाशी वजन भरायचं आणि पृष्ठभागाशी फक्त बारीक मान ठेवायची. लाट चढली तरी वर रेटणारं बळ मग थोडंच वाढतं. अमेरिकेचं 1962 सालचं 'फ्लिप' हे संशोधन-नौकेचं धूड असंच होतं. 108 मीटर लांब; आडवं ओढत न्यायचं, शेपटीत पाणी भरायचं, की उभं!

पण सरळसोट नळीतही एक मेख आहे. 100 मीटर बुडालेली नळी दाबून सोडली, तर एकदा वर-खाली व्हायला तिला सुमारे 20 सेकंद लागतात. पावसाळी लाटा याहून जलद, त्यांना ती दाद देत नाही. दक्षिण महासागरातून येणाऱ्या लांब लाटा मात्र कधी या लयीच्या जवळ पोचतात आणि मग झोपाळ्याला वेळेवर झोका मिळावा तशी नळी उसळू लागते. मान बारीक केली की ही लय आणखी संथ होते. फ्लिपची मान म्हणूनच निमुळती.

गोव्यासमोर मात्र उथळ पट्टा रुंद आहे. एवढी खोली गाठायला कित्येक किलोमीटर आत जावं लागेल. त्यामुळे इथे मला लांब-लांब उभे केलेले तीन बारीक खांब बरे वाटतात. अंतरामुळे उलांडीचा फायदा मिळतो, बारीकपणामुळे लाटेची पकड सुटते आणि तळाला आडव्या रुंद चकत्या लावल्या की उसळीला पाणीच अडवतं. खांब काँक्रीटचे केले तर पोलाद वाचतं. साखळ्या, नांगर आणि ते टाकायला लागणारी जहाजं यांचा खर्च मात्र चुकत नाही. स्वस्त तराफ्याचा हिशेब बहुधा तिथेच फसतो.