आजोबांना तेलुगूत विचारा

‘माझं आयुष्य लिहून काढायचंय’ असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणालं, की कुणीतरी जाड वही आणून देतं. पहिल्या पानावर जन्मतारीख येते, मग शाळा, लग्न, नोकरी. दोन-तीन पानांत आयुष्य संपतं आणि वही कपाटात जाते. दोष त्या माणसाचा नसतो. आठवणी मेंदूत तारखेवार लावलेल्या नसतातच. प्रसंगातलं दृश्य, आवाज, वास वेगवेगळ्या भागांत नोंदले जातात आणि हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांची सांगड घालतो. आठवताना ही जुळणी दरवेळी नव्यानं होते आणि ती सुरू व्हायला काहीतरी निमित्त लागतं.

सोलापुरात हे निमित्त बऱ्याचदा भाषेचं असतं. इथे कित्येक घरांत चुलीपाशी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, शेजारी उर्दू. व्हिओरिका मॅरियन आणि उल्रिक नायसर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे कामाचा आहे. रशियन बोलत वाढून पुढे अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एकेक शब्द देऊन त्यावरून काय आठवतं ते विचारलं. रशियनमध्ये विचारलं तेव्हा रशियन बोलण्याच्या काळातले प्रसंग जास्त आले, इंग्रजीत विचारलं तेव्हा इंग्रजीच्या काळातले. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या, आजोबांना नातवानं मराठीत ‘तुमच्या लहानपणचं सांगा’ म्हटलं, तर फारसं हाती लागणार नाही. तेच तेलुगूत ‘मग्गम’, म्हणजे माग, म्हणून पाहा. माग कुठल्या खोलीत होता, कांड्या कोण भरायचं, मिलचा भोंगा वाजला की कोण कुठे धावायचं, सगळं निघेल. लिहायचं मराठीत असलं तरी ऐकून घ्यावं त्यांच्या भाषेत.

वासाचंही तसंच. शब्दांवरून आठवणारे प्रसंग बहुतेक दहा ते तीस वर्षांच्या वयातले असतात. वासावरून आठवणारे त्याहून आधीचे, पहिल्या दहा वर्षांतले. सुताच्या खळीचा वास, भिजवलेल्या तेंदूपानांचा, तंबाखूचा. विड्या वळणाऱ्या आईच्या मांडीशी वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तारखांचं काय? त्या थेट विचारू नयेत. मोठ्या घटनेचा खुंटा दिला की काळ बराच नेमका सांगता येतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे असे खुंटे भरपूर आहेत: १९६७ चा कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. ‘थोरलीचं लग्न दुष्काळाआधी की नंतर?’ याला उत्तर मिळतं.

पण ठामपणावर भाळू नका. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान हवेतच फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं होतं. काही वर्षांनी पुन्हा विचारलं तर अनेकांची उत्तरं साफ बदललेली, आणि तीही छातीठोक. म्हणून प्रत्येक नोंदीवर ऐकल्याची तारीख टाका. पुढच्या वर्षी तोच प्रसंग वेगळा निघाला, तर आधीचा खोडू नका. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवलेला धाकटा एका नोंदीत पाळण्यापाशी सापडतो, दुसरीत भुईकोट किल्ल्याच्या तटाशी. दोन्ही राहू द्यात. भावाभावांत त्यावरून वाद झाला, तर तोही लिहून ठेवा.