एमबीआर की जीपीटी? दुसरी ओएस टाकण्याआधी एवढं बघा

विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती जीबी ठेवू?" खरं तर आधी बघायला हवं की डिस्क एमबीआर आहे की जीपीटी. (चॅटजीपीटीतला जीपीटी तो वेगळा.) डिस्कचा कुठला भाग, म्हणजे पार्टिशन, कुठून कुठपर्यंत, हे लिहून ठेवायच्या या दोन पद्धती.

एमबीआर १९८३ सालचं, पीसी डॉस २.० बरोबर आलेलं. सगळा कारभार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये. त्यातले ४४६ बूट कोडला, म्हणजे मशीन सुरू होताना ओएस उचलणाऱ्या कोडला, ६४ पार्टिशन टेबलला. एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. जास्त हवी असतील तर एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करायची.

मी इथेच फसलो होतो. सिस्टिम, सी, डी आणि रिकव्हरी अशी चार आधीच होती. डी थोडं आकसून मोकळ्या जागेत पाचवं करायला गेलो, तर विंडोजने विचारलं, डिस्क डायनॅमिक करू का? न वाचता 'यस' दाबलं. डायनॅमिक ही विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी. मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती पार्टिशन धड कळेनात, आणि विंडोजच्या स्वतःच्या टूलने डिस्क परत बेसिक, म्हणजे साधी, करायची तर सगळी पार्टिशन उडवावी लागतात.

जीपीटी हा यूईएफआयचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या जुन्या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीचा, भाग. विंडोजमध्ये त्यावर १२८ पार्टिशन होतात, आणि टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. एमबीआर साधारण २ टीबीपुढे जात नाही, हा फरक सगळेच सांगतात, पण लॅपटॉपवर तो क्वचितच नडतो.

ड्युअल बूटवाल्याला, म्हणजे एकाच मशीनवर दोन ओएस ठेवणाऱ्याला, खरा फरक पडतो तो बूटलोडरच्या, म्हणजे ओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, जागेत. एमबीआरवर ती जागा एकच, तेच ४४६ बाइट. लिनक्सनंतर विंडोज पुन्हा टाकलं की ते तिथे स्वतःचा कोड लिहितं आणि लिनक्सचा बूटलोडर ग्रब जातो. लिनक्स डिस्कवर शाबूत असतं, फक्त आत शिरायला वाट नसते. जीपीटीवर फॅट३२ मधलं एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं. त्यात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. विंडोजने फार तर स्वतःला यादीत वर नेलं, तर बूट मेनूत जाऊन क्रम बदलायचा. हे पार्टिशन दोघांत सामाईक असतं, तेव्हा लिनक्स टाकताना ते फॉरमॅट करू नका. विंडोजचा बूटलोडरही त्यातच आहे.

आणखी एक मेख. विंडोज जीपीटीवरून फक्त यूईएफआय मोडमध्ये बूट होतं, एमबीआरवरून फक्त लेगसीत, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्ये. त्यामुळे लिनक्सच्या इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्हही त्याच मोडमध्ये बूट करा. मोड वेगळे झाले की ग्रबच्या मेनूतून विंडोज उघडत नाही.

तपासायला ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट डिस्क' द्या. शेवटच्या रकान्यात चांदणी दिसली की जीपीटी.

विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर२जीपीटी' हे टूल आत येतं. डेटा न पुसता ते सिस्टिम डिस्क एमबीआरची जीपीटी करून देतं, तरी बॅकअप आधी घ्याच. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील किंवा एक्स्टेंडेड असेल तर ते नकार देतं. काम झाल्यावर मशीनच्या बायोस सेटअपमध्ये जाऊन बूट मोड लेगसीचा यूईएफआय करायचा, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही.