घरबसल्या कोरियन: मोफत अभ्यासक्रमाची नोंदणी आणि टोपिक परीक्षेचा अर्ज

कोरियन शिकायचं म्हणजे आधी क्लासची भरमसाट फी भरायची, हा समज सोडून द्या. कोरियन सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूट फाउंडेशनचे स्वयंअध्ययनाचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. टोपिक म्हणजे कोरियन भाषा किती येते हे तपासणारी अधिकृत परीक्षा; तिच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही फुकट मिळतात. हातातले पैसे परीक्षा शुल्कासाठी राखून ठेवा. शिष्यवृत्तीला किंवा कोरियातल्या विद्यापीठाला खाजगी क्लासच्या प्रमाणपत्राचा फारसा उपयोग नसतो, तिथे टोपिकची पातळी विचारतात.

मोफत अभ्यासक्रमाची नोंदणी

फाउंडेशनच्या ‘नुरी सेजोंगहाकदांग’ या संकेतस्थळावर ईमेल वापरून सदस्य व्हायचं. शिक्षणाची अट नाही, कागदपत्रंही लागत नाहीत. पान कोरियनमध्ये उघडलं तर वरच्या बाजूला भाषा बदलून इंग्रजी करा. स्वयंअध्ययनाचे धडे केव्हाही सुरू करता येतात. शिक्षक थेट शिकवतात त्या वर्गांची नोंदणी मात्र ठरावीक दिवसांतच होते आणि त्यांचे नियम वेगळे असतात. नोंदणी करण्यापूर्वी शुल्क आणि हजेरीची अट वाचून घ्या.

पहिला आठवडा फक्त हांगुल लिपीला द्या. मूळ अक्षरं 24 आहेत, 14 व्यंजनं आणि 10 स्वर. जोडस्वर आणि दुहेरी व्यंजनं धरून ती 40 होतात. मराठी माणसाची इथे हमखास एक चूक होते, ती म्हणजे देवनागरीत उच्चार लिहून पाठ करणं. कोरियनमधले दोन वेगळे स्वर आपण ‘ओ’ असेच लिहितो आणि मग शब्दांची सरमिसळ होते. शिवाय लिहिताना ‘हाप-नि-दा’ असलेला शब्द बोलताना ‘हाम्निदा’ होतो, कारण पुढच्या अनुनासिकामुळे आधीचा ‘प’ बदलतो. म्हणून अक्षर डोळ्यांनी आणि उच्चार कानांनी शिका. धड्यासोबतचा ऑडिओ न ऐकता पुढे जाऊ नका.

व्याकरणात मात्र मराठीचा मोठा आधार मिळतो. ‘चॉनुन पाबुल मॉगॉयो’ म्हणजे ‘मी भात खाते’. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम तोच आहे आणि ‘नुन’, ‘उल’ हे प्रत्यय आपल्या विभक्तीसारखे शब्दाच्या मागे लागतात. त्यामुळे इंग्रजीतून समजावलेलं व्याकरण अवघड वाटलं की वाक्य सरळ मराठीत मांडून बघा. बऱ्याचदा गुंता तिथेच सुटतो.

टोपिक: कोण बसू शकतं, कोणती निवडायची

मातृभाषा कोरियन नसलेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते. वयाची किंवा शिक्षणाची अट नाही. टोपिक-1 मध्ये श्रवणाचे 30 आणि वाचनाचे 40 प्रश्न असतात, वेळ 100 मिनिटं, गुण 200. त्यात 80 गुणांना पातळी 1 आणि 140 ला पातळी 2. टोपिक-2 मध्ये लेखनही येतं, वेळ 180 मिनिटं, गुण 300. इथे 120, 150, 190 आणि 230 गुणांना अनुक्रमे पातळी 3 ते 6 मिळते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका.

टोपिक-1 उत्तीर्ण असल्याशिवाय टोपिक-2 देता येत नाही, असं काही नाही. शिष्यवृत्ती किंवा दुभाष्याचं काम डोळ्यांसमोर असेल तर टोपिक-1 चं शुल्क वाचवून थोडा जास्त अभ्यास करावा आणि थेट टोपिक-2 द्यावी, हे आमचं मत. लेखनाचे चारच प्रश्न, पण गुण 100. त्यातल्या शेवटच्या निबंधाला 600 ते 700 अक्षरं लागतात आणि एकट्याचे 50 गुण आहेत. बोलण्यातले ‘यो’ने संपणारे शब्द निबंधात आले की गुण जातात. तिथे ‘दा’ने संपणारी लेखी शैलीच हवी.

अर्ज आणि कागदपत्रं

भारतातल्या परीक्षेची सूचना दिल्लीतला कोरियन दूतावास आणि कोरियन सांस्कृतिक केंद्र यांच्या संकेतस्थळांवर बघा. केंद्रं, शुल्क आणि अर्जाची पद्धत त्या सूचनेवरूनच ठरवा, मागच्या वर्षीची माहिती धरून चालू नका. अर्ज परीक्षेच्या बरेच आधी आणि थोडेच दिवस खुले असतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी शुल्कासोबत प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्चही आधीच धरावा.

तयार ठेवायचं ते एवढंच: फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, शक्यतो पासपोर्ट, पासपोर्टच्या धर्तीचा अलीकडचा फोटो, आणि इंग्रजीत नेमकं लिहिलेलं नाव. सर्वांत जास्त घोळ नावाचाच होतो. आधारवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, लग्नानंतर बदललेलं आडनाव एकाच कागदावर, हे आपल्याकडे सर्रास असतं. परीक्षेला जे ओळखपत्र नेणार, त्यावरचंच नाव अक्षरशः अर्जात लिहा. पुढे कोरियाला जायचं असेल तर पासपोर्ट आधी काढा आणि मगच अर्ज करा. कॉलेजचं ओळखपत्र चालेल असं गृहीत धरू नका.

परीक्षेत मोबाइल किंवा स्मार्टवॉच जवळ सापडलं तर गैरप्रकार धरला जातो, बंद असलं तरीही. निकाल टोपिकच्या अधिकृत संकेतस्थळावर लागतो आणि प्रमाणपत्र तिथूनच छापता येतं. त्यासाठी परीक्षा क्रमांक जपून ठेवा.

एक इशारा द्यायलाच हवा. ‘ईपीएस-टोपिक’ ही वेगळी परीक्षा आहे. कोरियात कामगार म्हणून जाण्यासाठी करार केलेल्या देशांतल्या लोकांपुरतीच ती असते आणि त्या देशांत भारत नाही. या परीक्षेच्या नावावर कोणी कोरियातल्या कारखान्यात नोकरीची हमी देऊन पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

टोपिकचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य असतो, त्यामुळे तारीख उलट मोजून ठरवा. कोरियन सरकारच्या ग्लोबल कोरिया शिष्यवृत्तीत पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पदवीचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतले जातात. पहिल्यासाठी आधीच्या ऑक्टोबरची आणि दुसऱ्यासाठी एप्रिलची परीक्षा सोयीची पडते. अर्जाला टोपिक सक्तीची नाही, पण चांगल्या पातळीला जादा गुण मिळतात आणि पातळी 5 किंवा 6 असेल तर तिथलं भाषेचं एक वर्ष वाचतं.