भाषासंपादन

भाषासंपादन : मूल किंवा प्रौढ माणूस भाषा आत्मसात करतो ती प्रक्रिया. जन्मापासून घरात कानावर पडते ती पहिली भाषा आणि पुढे शाळेत, बाजारात वा कामावर येते ती दुसरी, अशी विभागणी अभ्यासक करतात. ती सोयीची असली तरी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागाला नीट लागू पडत नाही. जत तालुक्यात घरात कन्नड आणि अंगणात मराठी ऐकत वाढलेल्या मुलाच्या पहिल्या भाषा दोन असतात.

ध्वनींची निवड मूल बोलू लागण्यापूर्वीच होते. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगात इंग्रजी घरांतील ६ ते ८ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद कळत होता. १० ते १२ महिन्यांपर्यंत ही क्षमता बरीच ओसरली. मराठी बालकाच्या कानावर ‘ताट’ या एकाच शब्दात हे दोन्ही ध्वनी पडत असल्याने तो भेद त्याच्याजवळ टिकून राहतो. व्याकरण मूल नुसत्या नकलेने शिकत नाही, याचा पुरावाही घरातच मिळतो. अडीच वर्षांचे मूल ‘मी करलं’ म्हणते. हे रूप घरात कोणीही वापरत नाही. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून मुलाने नियम बांधलेला असतो. ‘केलं’ नंतर येते. भाषा ही सरावाने लागलेली सवय आहे, या मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या उपपत्तीवर भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्ये घेतलेले आक्षेप अशा उदाहरणांनी अधिक पटतात.

वयाचा प्रश्न वादग्रस्त आहे. भाषा सहज येण्याचा काळ साधारणतः वयात येईपर्यंतच असतो, असे लेनेबर्गने १९६७ मध्ये मांडले. अलीकडच्या एका मोठ्या पाहणीने (२०१८) ही मर्यादा सुमारे १७ वर्षांपर्यंत नेली. मात्र लहान मूल नेहमीच लवकर शिकते हा समज खरा नाही. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या अभ्यासात (१९७८) पहिल्या काही महिन्यांत १२ ते १५ वर्षांची मुले व प्रौढ पुढे होते. लहानग्यांचा वेग सर्वांत कमी होता. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर गेलेल्या तरुणांचा अनुभव याच्याशी जुळतो. तमिळनाडूत किंवा केरळात दुकानावर बसणाऱ्या मुलाला वजन, भाव, उधारी यांपुरती भाषा लवकर येते, कारण तिच्यावाचून दिवस ढकलता येत नाही. उच्चारात गाव मात्र राहते. त्याच शहरात वाढलेल्या पुढच्या पिढीच्या बोलण्यात तसे होत नाही.

भाषासंपर्काच्या, म्हणजे एकत्र नांदणाऱ्या भाषांच्या परस्परप्रभावाच्या अभ्यासात सांगली जिल्ह्याचे नाव जगभर पोहोचले ते जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांच्या १९७१ च्या शोधनिबंधामुळे. निबंधात ‘कुपवार’ म्हटलेल्या, सुमारे ३,००० वस्तीच्या गावात जैन व लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी आणि दोर वळणारी काही घरे तेलुगू. पुरुषांना बहुधा दोन-तीन भाषा येत. निरनिराळ्या जातींच्या लोकांचे आपसातले बोलणे प्रायः मराठीत चाले, कारण गावात वरचढ असलेल्यांची ती घरची बोली नव्हती आणि म्हणून ती कोणाच्या बाजूची वाटत नसे. कन्नड व मराठी तेथे सहा शतकांहून अधिक काळ एकत्र नांदत असाव्यात, उर्दू तीन-चारशे वर्षांपूर्वी आली असावी, असे लेखकांचे अनुमान आहे. शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांचा साचा एक झाला. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे मराठी वाक्य तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’ होते आणि कन्नडातही शब्दाला शब्द याच क्रमाने उतरते. उर्दूची लिंगव्यवस्थाही कन्नडाच्या वळणावर गेली.

हे घडवले कोणी, मुलांनी की मोठ्यांनी, याविषयी एकमत नाही. घरोघरी भाषा जपली जाई, पण दिवसभर एका भाषेतून दुसरीत जावे लागे. त्यामुळे शब्द बदलले की वाक्य तयार, अशी सोय हळूहळू झाली, असा मूळ लेखकांचा रोख आहे. भाषाशास्त्रज्ञ थॉमसन व कॉफमन (१९८८) उसनवारी (आपली भाषा राखून तिच्यात दुसरीतून घेणे) आणि अपुऱ्या भाषासंपादनातून आलेला प्रभाव (दुसरी भाषा शिकताना आपल्या भाषेची वळणे तिच्यात नेणे) यांत काटेकोर फरक करतात. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतर याच गावाचा पुन्हा अभ्यास करून (२०१६) परस्पर-भाषांतरक्षमतेचे, म्हणजे शब्दाला शब्द बदलून एका भाषेचे वाक्य दुसरीत नेता येते, हे प्रतिमान चिकित्सेला घेतले. गम्पर्झच्या निबंधासोबत त्याच ग्रंथात आलेल्या लेखात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी तर मराठीच्या घडणीतच आर्य-द्राविड संकराची प्रक्रिया शोधली. हा दावा अनेकांना अतिव्याप्त वाटतो. एका गावापुरते बोलायचे तर मोठ्यांचे रोजचे व्यवहार हे कारण अधिक संभवनीय दिसते. घरात एकच भाषा ऐकणाऱ्या लहान मुलाला साचे एक करण्याची गरज पडत नाही.

याला पोषक खूण आजच्या वर्गात दिसते. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. घरी कन्नड बोलणारी काही मुले मात्र थेट मराठी शाळेत बसतात. कन्नडात भाकरी, नदी, बैल या सर्वांसाठी क्रियापदाचे एकच नपुंसक रूप चालते. स्त्रीसाठी ते निराळे असते, पण ‘माझा-माझी’ असा भेद नसतो. म्हणून मूल ‘बाई, भाकरी संपला’ म्हणते आणि ‘माझा आई आली’ असेही म्हणते. दुसऱ्या वाक्यात क्रियापद बरोबर येते, कारण तेवढा भेद त्याच्या घरच्या भाषेत आहे. या चुका नियमाने होतात. बाई ‘संपली’ म्हणून दुरुस्त करतात आणि तिसरी-चौथीपर्यंत त्या बहुधा सुटतात. कुपवारात बांधावर वा दुकानात बोलणाऱ्या मोठ्या माणसाला असे कोणी थांबवत नसे. ऐकणाराही तसेच बोलत असे.