सौर प्रकल्प : जमिनीचे भाडे आणि गावाचा वाटा

पुण्यात नोकरी आणि शिरूर, पुरंदर किंवा इंदापुरात वडिलोपार्जित जमीन असलेल्या अनेक कुटुंबांपुढे सौर प्रकल्पाला जमीन द्यावी का, हा प्रश्न आहे. त्यावर बोलताना ‘गावाचेही भले होईल’ असे सहज म्हटले जाते आणि मालकाला मिळणारे भाडे व गावाचा वाटा यांतला फरक नजरेआड होतो.

भाड्याचा हिशेब सरळ आहे. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. एका मेगावॉटला साधारण दोन हेक्टर जमीन धरली, तर पहिल्या वर्षी अडीच लाख रुपये होतात. कोरडवाहू माळरानातून एवढे खात्रीचे उत्पन्न क्वचितच निघते, त्यामुळे ते घेण्यात काहीच गैर नाही. मात्र ही रक्कम सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात, बहुधा पुण्यातल्या बँकेत, जमा होते. त्याच रानात मेंढरे चारणारा धनगर किंवा सुगीत मजुरीला येणारी बाई यांचे नाव सातबाऱ्यावर नसते. कुंपण पडले की त्यांचे नुकसान भाडेकरारात कुठेच दिसत नाही. गायरानावर प्रकल्प आला, तर हा प्रश्न साऱ्या गावाचा होतो.

याच योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये, तेही तीन वर्षे, मिळतात. ही तरतूद स्वागतार्ह आहे, पण ते अनुदान आहे. पॅनेल पुढे वीसेक वर्षे उभी राहणार असतात.

वाटा म्हणजे उत्पन्नावर किंवा मालकीवर हक्क. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात फोर्ट चिपेवायन येथे तीन आदिवासी समुदायांनी मिळून स्थापन केलेल्या कंपनीचा सौर प्रकल्प आहे. पूर्वी डिझेलवरच चालणाऱ्या त्या वस्तीला आता काही वीज या प्रकल्पातून मिळते आणि तो समुदायांच्याच मालकीचा आहे.

आंबेगाव आणि जुन्नरच्या अनुसूचित (आदिवासी क्षेत्रातील) गावांत १९९६ च्या पेसा कायद्यानुसार, म्हणजे अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्यानुसार, भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक आहे. वाट्याची मागणी तेव्हाच मांडावी. खासगी भाडेपट्ट्यातही, सह्या होण्यापूर्वी, वीजविक्रीतील किती टक्के रक्कम गावाला मिळणार आणि विकासकाने प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तरी तो हक्क टिकणार का, हे लेखी करून घ्यावे.