सीमापार ऊर्जाव्यापार

शेजारी देशांमध्ये तारा किंवा नळ यांच्या वाटे होणारी वीज, नैसर्गिक वायू व खनिज तेल यांची खरेदी-विक्री आणि त्यासाठी एका देशाने दुसऱ्याच्या हद्दीत केलेली भांडवल गुंतवणूक. जहाजाने जाणारे तेल किंवा कोळसा कोणत्याही बंदरात उतरवता येतो. गिऱ्हाईक फिसकटले तर जहाजाचे तोंड फिरवता येते. तारेला आणि नळाला ती सोय नाही. त्यांचे दुसरे टोक कायमचे एकाच शेजाऱ्याच्या दारात असते. म्हणून या नोंदीत जहाजी व्यापार वगळला असून मुख्य भर विजेवर आहे.

उगम : पहिला सीमापार वीजव्यवहार कोणता यावर एकमत नाही. मतभेद इतिहासापेक्षा व्याख्येचा अधिक आहे. सीमेवरच्या केंद्रातून दोन्ही काठांना वीज गेली एवढे पुरेसे मानले, तर ऱ्हाइन नदीवरील ऱ्हाइनफेल्डेन केंद्राकडे (१८९८) मान जातो. नदीचा एक काठ जर्मनीचा, दुसरा स्वित्झर्लंडचा आणि ग्राहक दोन्हीकडे. पण केंद्र एकच असताना याला दोन देशांमधील व्यापार म्हणणे ओढाताणीचे वाटते.

दुसरा दावा नायगारा धबधब्याचा. कॅनडाच्या काठावर निर्माण झालेली वीज विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अमेरिकेत विकली जात होती. आरंभाचे वर्ष कोणते धरावे हे ‘नियमित विक्री’ कशाला म्हणायचे यावर ठरते. कायद्याची साक्ष मात्र निःसंदिग्ध आहे. अमेरिकेच्या १९०६ च्या बर्टन कायद्याने कॅनडातून येणाऱ्या विजेवर १,६०,००० अश्वशक्तीची मर्यादा घातली आणि कॅनडाने १९०७ मध्ये कायदा करून वीजनिर्यातीस परवाना लागू केला. ज्या व्यवहाराला दोन्ही तीरांवरून लगाम घालावा लागला, तो तोवर बराच वाढलेला असणार. हा व्यवहार प्रामुख्याने एकमार्गी होता.

वीज आळीपाळीने दोन्ही दिशांना जाणे हीच व्यापाराची खूण मानली, तर १९१५ मध्ये स्वीडन व डेन्मार्क यांच्यामधील ओरेसुंड सामुद्रधुनीत टाकलेली २५ किलोव्होल्ट केबल अधिक योग्य आरंभबिंदू ठरते. स्वीडनकडे पाण्याची वीज, डेन्मार्ककडे कोळशाची. पाणी मुबलक असले की वीज दक्षिणेकडे, ओढ पडली की उलट. आजच्या बहुतेक वीजव्यवहारांमागे हेच गणित आहे. यूरोपीय ग्रंथांत १९५८ हे वर्ष वारंवार येते. त्या वर्षी लाउफेनबुर्ग (स्वित्झर्लंड) येथे स्वित्झर्लंड, फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांची जाळी २२० किलोव्होल्टवर जोडली गेली. ती समकालिक (एकाच तालावर चालणाऱ्या) महाजालाची सुरुवात होय. व्यापाराची सुरुवात म्हणून तिचा उल्लेख करणे सैल आहे.

जोडणीचे प्रकार : दोन जाळी जोडण्याचे मार्ग तीन. पहिला समकालिक जोडणीचा. यात दोन्ही देशांतील सर्व जनित्रे एकाच कंप्रतेवर (प्रवाहाची दर सेकंदातील आवर्तने; उदा., ५० हर्ट्झ) पाऊल जुळवून फिरतात. जोडणी स्वस्त पडते, पण एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे ३ वाजून १ मिनिटाने स्वित्झर्लंडमधील लुकमानियर वाहिनीवर झाडाशी ठिणगी उडून ती बंद पडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला. सुमारे दहा मिनिटांनी स्विस नियंत्रण कक्षाने इटलीला दूरध्वनी करून आयात ३०० मेगावॉटने कमी करण्यास सांगितले. इटलीने ती कमी केली, पण तेवढ्याने भागले नाही. ३ वाजून २५ मिनिटांनी दुसरी वाहिनी सुटली, पाठोपाठ इटलीच्या सीमेवरच्या उरलेल्या जोडण्या तुटल्या आणि काही मिनिटांत सार्डिनिया वगळता जवळजवळ सगळा देश अंधारात गेला.

दुसरा मार्ग एकदिश प्रवाहाचा (डी.सी.). प्रत्यावर्ती प्रवाह (ए.सी.) एकदिश करायचा आणि पलीकडे पुन्हा प्रत्यावर्ती करून सोडायचा. दोन्ही रूपांतरे एकाच आवारात, पाठीला पाठ लावून, झाली तर त्याला ‘बॅक-टू-बॅक’ स्थानक म्हणतात. येथे किती मेगावॉट सोडायचे ते नियंत्रकाच्या हातात राहते आणि कंप्रता जुळण्याची गरज उरत नाही. इटाइपू धरणाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ब्राझील व पॅराग्वे यांच्या सीमेवरील या १४,००० मेगावॉट केंद्रात २० जनित्रे आहेत. पैकी १० जनित्रे ५० हर्ट्झवर चालतात, कारण पॅराग्वेने आपली कंप्रता बदलण्यास नकार दिला. ब्राझीलची कंप्रता ६० हर्ट्झ. पॅराग्वेच्या वाट्याची न वापरलेली वीज ब्राझीलला घ्यायची तर ती आधी एकदिश करणे भाग होते. त्यासाठी ±६०० किलोव्होल्टच्या वाहिन्या साऊँ पाउलूच्या दिशेने सुमारे ८०० किमी. नेण्यात आल्या.

तिसरा मार्ग साधा, म्हणून ग्रंथांत दुर्लक्षित. खरेदीदार देशाचा एखादा भाग त्याच्या स्वतःच्या जाळ्यातून सोडवून विक्रेत्याच्या जाळ्याला टांगायचा. बांगलादेशातील कोमिल्ला परिसराला २०१६ पासून त्रिपुरातील सूर्यमणीनगरहून अशीच वीज मिळाली.

हिशेब : एखाद्या देशाने ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर ती नेमकी कोणाकडून गेली हे तारेवर लिहिलेले नसते. समकालिक जाळ्यात तूट भरली गेली नाही तर सगळीच जनित्रे किंचित मंदावतात, म्हणून त्याचा पुरावा कंप्रतेत दिसतो. जानेवारी २०१८ च्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत यूरोपखंडाच्या जाळ्याची सरासरी कंप्रता ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ राहिली. फरक क्षुल्लक, पण जाळ्याच्या कंप्रतेवर चालणारी घड्याळे (ओव्हनमधली, रेडिओच्या गजराची) त्यामुळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली. कोसोव्होतील तूट सर्बियाने भरून काढायची की नाही, या राजकीय वादात ११३ गिगॅवॉट-तास वीज कोणीच भरली नव्हती. पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतच्या स्वयंपाकघरांत हा वाद मिनिटांच्या रूपाने पोहोचला.

असे घडू नये म्हणून मोजणीचे ठिकाण, तासावारी वेळापत्रक, वेळापत्रकापासूनच्या विचलनाचा दर आणि मधल्या देशाचे वहनशुल्क हे चार मुद्दे करारात आधीच लिहून ठेवतात. वाहिनी उभारण्यापेक्षा यांवरील वाटाघाटींनाच अनेकदा जास्त वर्षे लागतात. नॉर्वे व स्वीडन यांनी १९९६ मध्ये संयुक्त वीजबाजार सुरू करून यातील बराच भाग दररोजच्या लिलावावर सोपवला.

गुंतवणूक : जलविद्युत् केंद्राचा जवळजवळ सगळा खर्च आरंभीच होतो आणि परतफेड पंचवीस-तीस वर्षे चालते. निर्यातदार देश लहान व गरीब असेल, तर भांडवल बहुधा खरेदीदाराकडूनच येते. याचे दोन ढाचे दिसतात. एकात खाजगी कंपन्या ठराविक मुदतीसाठी केंद्र चालवून मग ते यजमान देशाला देतात. लाओसमधील नाम थेउन-२ (१,०७० मेगावॉट, २०१०) हे त्याचे उदाहरण. त्याची ९५ टक्क्यांच्या आसपास क्षमता थायलंडसाठी राखलेली आहे. दुसऱ्या ढाच्यात एक सरकार दुसऱ्याला अनुदान व कर्ज देते आणि वाढावा (शिल्लक वीज) स्वतःच विकत घेते. भारत-भूतान व्यवहार या प्रकारचा आहे.

भूतानशी सुरुवात उलट्या दिशेने झाली, ही गोष्ट सहसा विसरली जाते. १९६१ च्या जलढाका करारानुसार पश्चिम बंगालमधील केंद्रातून दक्षिण भूतानला वीज दिली जाणार होती. चुखा प्रकल्पाचा (३३६ मेगावॉट) करार १९७४ चा. त्यात भारताचा पैसा ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज असा होता. ताला (१,०२० मेगावॉट) प्रकल्पातही हेच प्रमाण राहिले. मांगदेछू (७२० मेगावॉट, २०१९) येईपर्यंत ते पालटून ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज झाले. या प्रकल्पाचा दर प्रतियुनिट ४.१२ न्गुल्त्रुम ठरला; न्गुल्त्रुम व रुपया यांचे मूल्य समान आहे. मदतीकडून कर्जाकडे झालेल्या या सरकण्याचे मूल्यमापन अभ्यासक वेगवेगळे करतात. भूतानचे उत्पन्न वाढले हे खरेच; परंतु प्रकल्प रखडला की व्याज थांबत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार दिसतो. पुनात्सांगछू-१ (१,२०० मेगावॉट) प्रकल्पाचा उजवा काठ २०१३ मध्ये खचला आणि बांधकाम कित्येक वर्षे मागे पडले. शिवाय हिवाळ्यात भूतानच्या नद्या आटतात आणि तेव्हा हाच निर्यातदार भारताकडून वीज घेतो.

नेपाळशी व्यवहार कोसी (१९५४) व गंडक (१९५९) करारांपासूनचा. पण त्यांत वीज दुय्यम होती, पाणी व पूर मुख्य. १९९६ च्या महाकाली करारातील पंचेश्वर धरण लाभवाटपाच्या वादात अडकून राहिले. खरा बदल २०१४ च्या वीजव्यापार करारानंतर झाला. ढल्केबर (नेपाळ)-मुझफ्फरपूर (बिहार) ही ४०० किलोव्होल्ट क्षमतेची वाहिनी २०१६ मध्ये आधी १३२ किलोव्होल्टवरच सुरू करण्यात आली आणि टप्प्याटप्प्याने पूर्ण दाबावर आली. लोडशेडिंगने गांजलेला देश २०२१ मध्ये भारताच्या वीज एक्सचेंजवर आधी खरेदीदार व त्याच वर्षी विक्रेता म्हणून दाखल झाला. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट निर्यातीचा करार झाला.

तरी नेपाळची प्रत्येक युनिट विक्रीयोग्य ठरत नाही. सीमापार वीजव्यापाराविषयीच्या भारताच्या डिसेंबर २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील भारतीय मालकीच्या अटींवर शेजाऱ्यांनी हरकत घेतली आणि २०१८ मध्ये त्या अटी सैल झाल्या. मात्र भारताशी जमिनीची सीमा असलेल्या, पण वीज सहकार्याचा करार नसलेल्या तिसऱ्या देशाचे भांडवल ज्या केंद्रात आहे त्याच्या विजेवर निर्बंध राहिले. वाक्य लांब असले तरी रोख चीनकडे आहे हे उघड आहे. वीज कोणत्या केंद्राची हे तारेवर ओळखता येत नाही. म्हणून परवानगी केंद्रवार, कागदावर दिली जाते.

बांगलादेशाचे जाळे भारताशी समकालिक नाही. बहरमपूर (पश्चिम बंगाल) ते भेरामारा वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली आणि भेरामारा येथील ५०० मेगावॉटचे बॅक-टू-बॅक स्थानक २०१८ मध्ये दुप्पट झाले. झारखंडातील गोड्डा येथील १,६०० मेगावॉट औष्णिक केंद्र तर केवळ बांगलादेशासाठी बांधलेले. २०१७ च्या करारानुसार त्याची वीज २०२३ पासून जाऊ लागली. २०२४ मध्ये थकबाकीचा प्रश्न चिघळला, आणि एकाच खरेदीदाराला बांधलेल्या केंद्राचा धोका स्पष्ट झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने नियम बदलून अशा केंद्रांना देशांतर्गत विक्रीची वाट मोकळी केली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत व बांगलादेश यांच्यात ४० मेगावॉटचा त्रिपक्षीय करार झाला. आकार नगण्य, पण या उपखंडात तिसऱ्या देशाच्या जाळ्यातून वीज वाहून नेण्याचा हा नवा प्रघात होय. हंगाम १५ जून ते १५ नोव्हेंबर, दर प्रतियुनिट ६.४० अमेरिकन सेंट, मोजणी मुझफ्फरपूर येथे. वीज प्रथम गेली ती १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या दिवशी.

तेल व वायू : नळांच्या व्यापारात साठवण शक्य असल्याने क्षणाक्षणाचा हिशेब लागत नाही, पण बांधिलकी अधिक घट्ट असते. करारात बहुधा ‘माल घ्या, नाहीतर पैसे भरा’ असे कलम असते. १९७० मध्ये पश्चिम जर्मनी व सोव्हिएट संघ यांच्यात झालेल्या व्यवहारात जर्मन बँकांच्या कर्जावर जर्मन पोलादी नळ गेले आणि त्यांची परतफेड वायूने झाली. अशा परस्परावलंबनाने शांतता टिकते, असा युक्तिवाद दीर्घकाळ प्रतिष्ठित होता. २०२२ नंतर त्याचे समर्थक घटले. भारतीय उपखंडात मोतीहारी (बिहार)-अमलेखगंज (नेपाळ) ही ६९ किमी. लांबीची तेलवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली. तिची कल्पना १९९० च्या दशकातली. २०१५-१६ मधील सीमेवरच्या अडवणुकीने नेपाळात झालेल्या इंधनटंचाईनंतर तिला गती आली. ती अडवणूक कोणी केली याबद्दल दोन्ही देशांची अधिकृत भूमिका वेगळी आहे. तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत (आद्याक्षरांवरून ‘तापी’) वायूवाहिनीचा विचार मात्र दशकानुदशके चालू असूनही वायू भारतापर्यंत पोहोचलेला नाही.

इतरत्र : आफ्रिकेत मोझांबिकच्या काहोरा बासा धरणापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतची सु. १,४०० किमी. एकदिश वाहिनी १९७० च्या दशकाअखेर कार्यान्वित झाली. यादवी युद्धात मनोरे पाडले गेल्याने ती वर्षानुवर्षे बंद राहिली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा चालू झाली. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांचा विद्युत् संघ (१९९५) व मध्य अमेरिकेची सहा देशांना जोडणारी सु. १,८०० किमी. वाहिनी ही बहुपक्षीय उदाहरणे होत. याच्या दुसऱ्या टोकाला मणिपूरमधील मोरेहून म्यानमारच्या तामू या गावाला ११ किलोव्होल्टवर, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या फीडरवर असतो तितक्या दाबावर, जाणारी दोन-तीन मेगावॉट वीज आहे.