ओक्लाहोमा सिटीला गेलेला प्रत्येक खेळाडू वगळलेला नसतो

ऑगस्ट २०२५मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) रोकी सासाकी त्यांच्या मायनर लीगमधल्या, म्हणजे दुय्यम पातळीवरच्या, ओक्लाहोमा सिटी कॉमेट्स संघाच्या गणवेशात पिचिंग करू लागला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या निदान तीन मराठी बेसबॉलप्रेमींनी मला एकच प्रश्न विचारला: डॉजर्सनी त्याला डच्चू दिला का? आदल्या वर्षी डॉजर्सचाच पिचर क्लेटन कर्शॉ राँचो कुकामोंगाला, म्हणजे मायनर लीगच्या बऱ्याच खालच्या पायरीवर, पिचिंग करताना दिसला तेव्हाही हाच प्रश्न आला होता. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीन वेळा मिळवलेल्या माणसाला कोणी अशा सिंगल-ए संघात का उतरवील, असा साधा विचारही विचारणाऱ्याच्या मनात आला नव्हता. दुखापतीनंतरच्या सरावासाठीची रिहॅब असाइनमेंट आणि संघातून खाली पाठवण्याचा ऑप्शन या दोन गोष्टींमध्ये खेळाडू धाकट्या संघाकडे जातो, एवढेच काय ते साम्य आहे. पण मैदान तेच आणि गणवेश तोच असल्यामुळे पाहणारा फसतो, आणि वर्षानुवर्षे फसतच आला आहे.

ऑप्शनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण क्रिकेट पाहणाऱ्याला ती कल्पना ओळखीची आहे. भारतीय संघातून वगळलेला फलंदाज रणजीत जाऊन धावा करतो, तसेच हे आहे. संघाच्या चाळीस जणांच्या यादीतला, परंतु प्रत्यक्ष खेळणाऱ्या सव्वीस जणांत न बसणारा खेळाडू मायनर लीगमध्ये पाठवला जातो. साधारणपणे प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला अशी तीन वर्षे असतात आणि २०२२पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा त्याला असे खाली-वर करता येत नाही. २०२५च्या हंगामाच्या तोंडावर डॉजर्सनी हेसाँग किमला ओक्लाहोमा सिटीला पाठवले ते ऑप्शनवर, आणि २०२४च्या मे महिन्यात बॅट चालेनाशी झाल्यावर जेम्स आउटमनला पाठवले तेही ऑप्शनवरच. मला या शब्दाचीच चीड आहे. ‘ऑप्शन’ म्हटले की खेळाडूला काही पर्याय दिला असावा असे वाटते; प्रत्यक्षात पर्याय असतो तो संघाला, आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, पाच वर्षांचा सेवाकाल भरेपर्यंत खेळाडूला साधा नकार देण्याचीही सोय नसते.

रिहॅब असाइनमेंट वेगळी. दुखापतीतून बरा होत असलेला खेळाडू सामन्याचा सराव मिळावा म्हणून काही दिवस धाकट्या संघाकडून खेळतो. यालाही क्रिकेटमध्ये जवळचा नमुना आहे: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रवींद्र जडेजा जानेवारी २०२३मध्ये सौराष्ट्राकडून चेन्नईत तामिळनाडूविरुद्ध रणजी सामना खेळला आणि त्यानंतर फेब्रुवारीत नागपूरच्या जामठा मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच डावात त्याने पाच बळी घेतले. जडेजाला रणजीत ‘उतरवले’ असे तेव्हा कोणी म्हटले नाही. बेसबॉलमध्ये मात्र तेच घडले की म्हणतात. या असाइनमेंटला बॅटरसाठी वीस आणि पिचरसाठी तीस दिवसांची मर्यादा असते आणि तिला खेळाडूची संमती लागते. धाकट्या संघाला जेवण घालण्याची जी प्रथा आहे, ती रिहॅबला आलेल्या मोठ्या खेळाडूने पाळायची असते, हा किरकोळ फरक झाला, आणि तो लक्षात ठेवला नाही तरी चालेल.

खरा फरक खेळाडू कोणत्या मैदानावर आहे यात नाही, तो कोणाच्या यादीत आहे यात आहे. रिहॅबवर असलेला पिचर ओक्लाहोमा सिटीत चेंडू टाकत असला तरी कागदोपत्री तो मेजर लीग संघाच्या जायबंदी खेळाडूंच्या यादीतच, म्हणजे आयएलवरच असतो. ही यादी बॅटरसाठी किमान दहा दिवसांची, पिचरसाठी पंधरा दिवसांची आणि दीर्घ दुखापतीसाठी साठ दिवसांची असते. या यादीतला प्रत्येक दिवस मेजर लीगमधला दिवस म्हणून मोजला जातो. पगार पूर्ण मिळतो आणि सेवाकालही चढत राहतो. ऑप्शनवर गेलेल्या खेळाडूचे घड्याळ मात्र तिथेच थांबते. तो मायनर लीगच्या दराने पगार घेतो आणि त्याच्या मेजर लीगच्या सेवाकालात त्या दिवसांची भर पडत नाही. २०२५मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे दिवसाला सुमारे चार हजार डॉलर; त्यामुळे एकाच डगआउटमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दोन पिचरांपैकी रिहॅबवरचा तेवढे मिळवत असतो आणि ऑप्शनवरचा त्याच्या लहानशा हिश्शावर समाधान मानत असतो.

पगारापेक्षाही सेवाकाल महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोकांच्या ध्यानात येत नाही. मेजर लीगचा हंगाम साधारण १८६ दिवसांचा असतो आणि त्यातले १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष पूर्ण होते. साधारण तीन वर्षांनंतर पगारासाठी लवादाकडे जाण्याचा हक्क मिळतो आणि सहा वर्षांनंतर खेळाडू मोकळा होऊन हव्या त्या संघाशी करार करू शकतो. एका दिवसाची किंमत किती असते ते पाहायचे असेल तर क्रिस ब्रायंटचे उदाहरण पुरेसे आहे. २०१५च्या आरंभी शिकागो कब्जने त्याला मायनर लीगमध्येच ठेवले, १७ एप्रिलला वर आणले, आणि हंगामाअखेर त्याच्या खात्यावर १७१ दिवस जमा झाले. एक दिवस कमी पडला आणि त्याचे मोकळे होणे एक वर्ष लांबले. त्याने केलेली तक्रार २०२०मध्ये लवादाने फेटाळली. ब्रायंट त्या एप्रिलमध्ये मेजर लीगच्या आयएलवर असता, तर बॅट हातात न धरताही त्याचे दिवस भरले असते.

याची दुसरी बाजू डॉजर्सच्याच रिव्हर रायनमध्ये दिसते. हा पिचर जुलै २०२४मध्ये मेजर लीगमध्ये आला, चार सामने खेळला आणि ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचा फाटलेला अस्थिबंध बदलण्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०२५चा संपूर्ण हंगाम तो साठ दिवसांच्या आयएलवर होता. त्या वर्षी त्याने मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकला नाही, तरी सेवाकाल मात्र दिवसागणिक चढत गेला. चाळिसांच्या यादीत अजून न आलेल्या एखाद्या होतकरू पोराचे कोपर त्याच आठवड्यात फाटले असते, तर तो मायनर लीगच्या आयएलवर गेला असता, ॲरिझोनातल्या सराव केंद्रात तोच वर्षभराचा व्यायाम त्याने केला असता आणि सेवाकालात शून्याची भर पडली असती. म्हणून ‘डॉजर्सचा अमुक प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) रिहॅब करत आहे’ असे वाक्य वाचले की मी प्रथम तो कोणत्या यादीत आहे ते पाहतो. जायबंदी खेळाडूला ऑप्शनवर पाठवू नये हा नियम आहे तो याचसाठी; तसे चालले असते, तर दुखापत झालेल्या दिवशीच खेळाडूचे घड्याळ बंद करण्याचा मोह कोणत्या संघाला आवरला असता?

गोंधळाला जागा देणारा एकच प्रसंग मी मान्य करतो. रिहॅबचे दिवस संपले की संघाने खेळाडूला सक्रिय यादीत घ्यावे लागते, आणि त्याच्याकडे ऑप्शनची वर्षे शिल्लक असतील तर त्याच दिवशी त्याला ऑप्शनवर पाठवताही येते. अशा वेळी खेळाडू आपल्या खुर्चीवरून उठलेलाही नसतो. काल तो रिहॅबवर होता, आज उतरवलेला आहे. डॉजर्सचा पिचर बॉबी मिलरने २०२४मध्ये दोन्ही अवस्था थोड्या अंतराने अनुभवल्या. एप्रिलमध्ये खांदा सुजल्यामुळे तो आयएलवर गेला, धाकट्या संघांकडून रिहॅबचे सामने खेळून जूनमध्ये परतला, आणि जुलैत फिलाडेल्फियाच्या संघाकडून सपाटून मार खाल्ल्यावर ऑप्शनवर ओक्लाहोमा सिटीला गेला. पहिली भेट खांद्यासाठी होती आणि दुसरी त्याने दिलेल्या धावांच्या सरासरीसाठी. या दोन्हींना ‘मिलर पुन्हा मायनर लीगमध्ये’ असा एकच मथळा देणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

रिहॅबच्या सामन्यांतले आकडे काढून भाकिते करणारे लोकही याच जातीचे. रिहॅबवरचा पिचर ठरलेल्या संख्येइतके चेंडू टाकण्यासाठी उतरतो. एखाद्या दिवशी तो केवळ कर्व्हबॉलची, म्हणजे वळणाऱ्या चेंडूची, पकड तपासत असतो आणि त्यापायी दोन होमरन गेले तरी त्याला खंत नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कसा आहे, हा त्या सामन्याचा निकाल. कर्शॉचा २०२४च्या जूनमधला पहिला रिहॅब सामना आकड्यांत छान होता, पण नंतर खांदा दुखू लागला, रिहॅब थांबवावे लागले आणि तो परतला तो २५ जुलैला. ऑप्शनवरच्या खेळाडूचे आकडे मात्र जरूर पाहावेत, कारण त्याला खाली पाठवलेलेच त्यांच्यासाठी असते.

सासाकीचे उत्तर आता सोपे होईल. मे २०२५मध्ये उजव्या खांद्याच्या दुखण्यामुळे तो आयएलवर गेला, पुढे साठ दिवसांच्या यादीत सरकला, ओक्लाहोमा सिटीत रिहॅब केले आणि सप्टेंबरअखेर परतून प्लेऑफमध्ये शेवटच्या इनिंग्जमध्ये उतरू लागला. त्याच संघातल्या, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीने मात्र ओक्लाहोमा सिटीचे तोंडही पाहिले नाही. सप्टेंबर २०२३मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झालेला हा खेळाडू पिचर म्हणून बरा होत होता, पण बॅटर म्हणून संघाला तो रोज हवा होता, आणि त्याला महिनाभर धाकट्या संघाकडे पाठवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे सामना सुरू होण्याच्या आधी आपल्याच सहकाऱ्यांना चेंडू टाकून त्याने तयारी केली, आणि १६ जून २०२५ रोजी डॉजर स्टेडियमवर सॅन डिएगो पाद्रेज संघाविरुद्ध तो केवळ एका इनिंगसाठी उतरला. त्याने २८ चेंडू टाकले, एक धाव दिली आणि पिचिंग थांबवून बॅटिंगला गेला. पुढचे काही आठवडे त्याच्या इनिंग्ज हळूहळू वाढत गेल्या. इतर पिचर जे रिहॅब मायनर लीगमध्ये करतात ते त्याने मेजर लीगच्या गुणफलकावर केले, आणि त्यातली प्रत्येक धाव त्याच्या खात्यावर मांडली गेली.